कासऱ्याचे हात

देवपूर, धुळे
ता. १८ एप्रिल १९९४

प्रिय सुकदेव,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू दचकला असशील, म्हणून आधी सांगून टाकते: सगळे जिवंत आहेत. माय एरंडोलला आहे आणि गुडघे सोडले तर ठणठणीत आहे. माझ्या योगिताचा हात मोडला होता, तो आता जुळून आलाय, त्याची हकीगत पुढे येईलच. तुझे दाजीही बरे आहेत. नऊ वर्षांत ज्या अक्कानं तुला साधं पोस्टकार्ड टाकलं नाही, तिचं एकदम एवढं जाड पाकीट आलं तर कोणीही वाईटच धरणार. फौजी डाकघराचा तुझा पत्ता मी मायकडून मागून घेतला. कशाला हवा, असं तिनं विचारलं नाही. फक्त चष्मा शोधायला जरा जास्त वेळ लावला आणि कागद माझ्या हातात देऊन चुलीपुढे जाऊन बसली.

हे पत्र तुझे आभार मानायला लिहिते आहे. लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय, कारण आपल्या घरात आभार मानायची रीत नाही. एकमेकांचं केलं तर केलं, नाही केलं तर शिव्या घातल्या, एवढंच आपल्याला येतं. आणि शिव्या मी तुला भरपूर घातल्या आहेत, तोंडावर कमी आणि पाठीमागे जास्त. त्या सगळ्या परत घ्यायच्या आहेत. मला माझा भाऊ परत हवा आहे, सुकदेव. तो मिळेल की नाही हे आता तुझ्या हातात आहे, आणि तू नाही म्हणालास तरी मला तोंड वर करून काही बोलता यायचं नाही. पण आधी सगळं ऐकून घे. मी चुकीचं सांगू लागले तर मध्ये थांबवायला तू समोर नाहीस, म्हणून नीट आठवून आठवून लिहिते.

तुला ती चौऱ्याऐंशीची अक्षय्यतृतीया, आपली आखाजी, आठवते का? तू नुकताच त्या चाचणी विभागात लागला होतास आणि सुट्टीवर आलास ते नव्या कामाचं वारं अंगात भरूनच. अंगणात मी झोक्यावर, योगिता माझ्या मांडीवर, आणि तू आबांना समजावून सांगत होतास की फौजेत आता गाडी चालवायला नुसते धडधाकट हातपाय पुरत नाहीत, डोकं आणि हातपाय यांचं आपसात जमतं का हे यंत्रावर बघतात. दिव्याचा रंग बदलला की किती वेळात पाय हलतो, दोन हातांनी दोन वेगळी कामं एकाच वेळी होतात का, कंटाळा आल्यावर माणूस चुकायला लागतो का. आबांना काही ते पटलं नाही. म्हणाले, बैल पारखायला आम्हाला यंत्र लागत नाही. मग तू शाळेतली फूटपट्टी आणून एकेकाच्या बोटांमध्ये वरून सोडलीस आणि कोण कुठे पकडतो ते बघत बसलास. सगळ्यांत लवकर मायनं पकडली. तू चकित, आणि माय म्हणाली, उतू जाणारं दूध तीस वर्षं पकडते आहे, तुझी पट्टी काय घेऊन बसलास. मी सगळ्यांत शेवटी आले होते, आणि तू ते गल्लीभर सांगितलंस.

दाजींचं गाडीचं वेड तुला माहीत होतंच. फौजेत ते रेशनच्या गोदामावर शिपाई होते, पोती मोजायची आणि पोती उचलायची. पण गावाकडे त्यांची ओळख वेगळी होती. लग्नाआधी त्यांची दोन बैलांची हलकी दमणी साऱ्या पट्ट्यात नाव काढून होती. बैलांना चाबूक लावायचे नाहीत, नुसत्या कासऱ्याच्या इशाऱ्यावर पळवायचे आणि नुसत्या कासऱ्यावर जागच्या जागी उभे करायचे. आमची वरात त्याच दमणीतून निघाली होती, आणि लग्नात तू त्यांचा कान असा काही पिळला होतास की दोन दिवस लाल होता. त्या कानपिळीबद्दल तुला पँटपीस मिळाला आणि वर सासूबाईंकडून पोर मोठा जोरदार शे असं कौतुकही. अशा माणसाला वाटणारच की आपण गाडीसाठीच जन्मलो. ड्रायव्हरच्या कामावर बदली मिळावी म्हणून त्यांनी तीन वर्षं अर्ज केले. पंच्याऐंशीत नाव आलं आणि चाचणीसाठी तुझ्याच केंद्रावर जायचं असं कळलं, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले. मीच वाटले. सगळ्या शेजारणींना सांगितलं की तिथे माझा भाऊच आहे.

मग ते परत आले ते तोंड पाडून. ट्रंक ओट्यावर टेकवली, पाणीसुद्धा मागितलं नाही, आणि एकच वाक्य बोलले, "तुना भाऊ आडवा उना." मी खोदून विचारलं तेव्हा इतकंच कळलं की साठ गुण लागत होते आणि ह्यांना छप्पन मिळाले, मोठे साहेब चार गुण सांभाळून घ्यायला तयार होते, आणि माझा सख्खा भाऊ त्यांना नाही म्हणाला. त्याहून वर म्हणजे, हा माझ्या बहिणीचा नवरा आहे तेव्हा मी ह्याची चाचणी घेणार नाही, असं तू आधीच साहेबांना सांगितलंस, म्हणजे नातं सांगून परकं केलंस. सुकदेव, मी त्या दिवशी जे काही बोलले ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी एरंडोलची गाडी पकडली आणि आबांपुढे जाऊन रडले. आबांनी तुला काय लिहिलं ते मला माहीत आहे, कारण ते पत्र पोस्टात मीच टाकलं. ज्यानं जावयाचा मान ठेवला नाही त्यानं ह्या उंबऱ्यावर सुट्टी काढू नये. तू उत्तरात दोनच ओळी लिहिल्यास, चाचणीतलं बाहेर सांगायची आम्हाला परवानगी नसते, पण दाजींना गाडी नको. मी ते वाचून म्हणाले, बघा, माज बघा.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं कसं होतं ते सांगते. दरवर्षी आखाजीला माहेरी जाण्याआधी मी मायला निरोप पाठवून विचारायची, सुकदेव येणार आहे का. येणार असेल तर माझ्या घरी काहीतरी आजारपण निघायचं. राखीच्या दिवशी मी चुलत्याच्या रुपचंदभाऊंना राखी बांधून यायची आणि वाटेत कोणी विचारलं तर मोठ्यानं सांगायची की मला भाऊ एकच आहे. एकोणनव्वदमध्ये आबा गेले. तेराव्याला तू पंगतीत बसला होतास आणि वाढायला मी होते. तुझ्या पानात मी पुरणपोळी वाढली, तूप वाढलं, आणि तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. मी पुढच्या पानाकडे सरकले. त्या दिवशी तू पोळी तशीच ठेवून उठलास हे मी पत्रावळी उचलताना बघितलं. वाईट वाटलं नाही असं नाही. पण खरं सांगू का, तोवर मला त्या भांडणाची सवय झाली होती. ते माझं एक काम होऊन बसलं होतं, रोजचं पाणी भरावं तसं. तू असं का केलंस, हे ह्यांना पुन्हा एकदा नीट बसवून विचारावं, एवढी साधी गोष्ट मला नऊ वर्षांत सुचली नाही.

आता इकडची खबर. एक्क्याण्णवला हे पेन्शन घेऊन आले. त्या चाचणीनंतर ह्यांना गाडी मिळाली नाही, पण गोदामातून काढून गाड्यांच्या दुरुस्तीवर टाकलं होतं, आणि शेवटची सहा वर्षं त्यांनी डिझेल इंजिनांचे पंप खोलण्यात काढली. ते कामही मोठं नाजूक असतं म्हणे. आत केसाएवढी फट कमीजास्त झाली की ट्रक धूर ओकायला लागतो. आग्रा रोडला आम्ही पंप-नोझलचं दुकान टाकलं. इंदूरकडचे ट्रकवाले थांबतात, फौजीचं दुकान कुठे म्हणून विचारत येतात. चांगलं चाललंय. पण गाडीचं वेड कुठे जातं? मागच्या वर्षी एक जुनी जीप आली दुकानात, मालक तिला कंटाळला होता. ह्यांनी ती घेतली, स्वतः खोलली, स्वतः जोडली, हिरवा रंग दिला. चालवायलाही शिकले, परवानाही निघाला. ती घरापुढे उभी राहिली त्या दिवशी ते मला म्हणाले, आता बोलव तुझ्या भावाला आणि दाखव. मीही छाती फुगवून म्हटलं, दाखवायचीच एकदा.

जानेवारीतल्या चतुर्थीला आम्ही पद्मालयाच्या गणपतीला निघालो. हे गाडीवर, मी शेजारी, योगिता मागे नारळाच्या पिशवीजवळ. पारोळ्यापर्यंत इतकी छान चालवली की मीच दोनदा म्हटलं, ह्यांना नापास करणारा आंधळाच असला पाहिजे. पारोळ्याच्या पुढे कापसाच्या बैलगाड्या जिनिंगकडे निघालेल्या होत्या. त्यांतली एक शेताच्या बांधावरून अचानक रस्त्यावर चढली. वर कापूस, कापसावर एक बाई तान्ह्या पोराला घेऊन बसलेली. अंतर पुष्कळ होतं, सुकदेव. नुसता ब्रेक दाबला असता तरी जीप निवांत थांबली असती. मी ह्यांच्याकडे बघितलं आणि जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ह्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग छातीकडे ओढून धरलं होतं, पाठ मागे टाकली होती, आणि दोन्ही पाय पुढे ताठ रोवले होते. उजव्या पायाखाली ॲक्सिलेटर. जीप थांबायच्या ऐवजी उसळली. कसं कोण जाणे, ओढाताणीत चाक थोडं डावीकडे वळलं आणि आम्ही बैलगाडीच्या मागच्या अंगाला हातभर सोडून कापसाच्या पऱ्हाट्यांच्या शेतात घुसलो. बांधाला आपटून जीप बंद पडली. बैल उधळले, पण गाडीवानानं आवरले. ती बाई आणि तिचं पोर सुखरूप राहिलं. योगिता पुढच्या सीटवर आदळली आणि तिचा हात मोडला. लोक धावत आले तेव्हा हे तसेच बसले होते, स्टिअरिंग ओढून धरलेलं, आणि तोंडानं सारखं हो, हो, हो, बैलांना थांबवताना म्हणतात तसं.

दवाखान्यात पोरीच्या हाताला प्लास्टर घालत होते आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर. हे आपलेच हात उलटेपालटे करून बघत म्हणाले, "मंदा, सुकदेव खरा व्हता. मना पाय त्यानी तवयच दखेल व्हता." पाय त्याला तेव्हाच दिसला होता म्हणजे काय, असं मी विचारलं, आणि मग जे नऊ वर्षं पोटात ठेवलं होतं ते सगळं त्या बाकावर बाहेर आलं. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही नाही.

त्यांनी सांगितलेलं तुला सांगते, म्हणजे तुला कळेल की मला आता किती कळलंय. पहिले दोन दिवस कागदावरच्या परीक्षा झाल्या. आकड्यांत आणि आकृत्यांत ह्यांचं बरं गेलं. स्वभावाच्या प्रश्नांत, कोणी तुमची गाडी मागे टाकून पुढे गेलं तर राग येतो का, याला ह्यांनी तोंडी उत्तर दिलं की पुढे जाणारा कोण आहे त्यावर अवलंबून. साहेब हसले म्हणे. तिसऱ्या दिवशी यंत्र. लाकडी बैठक, गाडीचं चाक, खाली पॅडल, आणि समोर कागदाच्या रुळावर काढलेला वळणावळणाचा रस्ता सरकत येणार. सुईचं टोक रस्त्यावर ठेवायची आणि लाल दिवा लागला की ब्रेक दाबायचा. अर्धा तास ह्यांनी अशी चालवली की साहेबांनी बाकीच्यांना उभं करून दाखवलं. दोन हातांची चाचणी तर त्या वर्षातली सगळ्यांत चांगली निघाली होती. मग शेवटी दिवा, घंटा आणि भोंगा एकदम सुरू करतात, माणूस दचकला की काय करतो ते बघायला. ह्यांनी चाक छातीशी ओढलं आणि दोन्ही पाय रोवले. पहिल्या वेळी मागची पोरं हसली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. ह्यांना कळत होतं म्हणे, डोकं सांगत होतं ब्रेक, पण हात आणि पाय दमणीवरच बसले होते. चाचणी साहेब स्वतः घेत होते, पण आकडे टिपून घ्यायला तूच होतास. तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही, असं ते म्हणाले.

साहेबांनी तुला त्यांच्या कापडी कनातीच्या आत बोलावलं. चाळीस मैलांत एकदा तरी असा प्रसंग येतो का, चार गुणांचंच तर आहे, तुझ्या घरचा माणूस आहे, सांभाळून घेऊ, असं ते म्हणाले. हे बाहेर उभे होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालास की साहेब, ह्याच्या मागे वीस जवान बसतील आणि पुढे माझ्या बहिणीचा नवरा बसेल, घाटात एकदा जरी हे झालं तरी तार मलाच वाचायला लागेल. मग तू म्हणालास की हातांना तोड नाही, ह्याला दुरुस्तीवर घ्या, मी लिहून देतो. साहेबांनी ते ऐकलं. ह्यांनी घरी येऊन मला त्यातलं पहिलं अर्धं सांगितलं आणि दुसरं अर्धं गिळून टाकलं. का, असं मी त्या बाकावर विचारलं. म्हणाले, पंचक्रोशीत ज्याच्या कासऱ्याचं नाव होतं त्यानं बायकोला कसं सांगायचं की कासऱ्यानंच माझा घात केला. तू वाईट ठरलास तर त्यांचे हात चांगले राहत होते. एवढंच होतं ते. मला राग आला, फार आला, दोन दिवस मी बोलले नाही. मग आठवलं की अबोल्याचा मला फारच सराव झालाय, आणि तो सोडून दिला.

तर सुकदेव, ऐक. ज्या दिवशी मी तुला वैरी म्हटलं त्या दिवशी तू माझं कुंकू राखलंस. माझ्या घरात आज जी भाकरी भाजते ती तू लिहून दिलेल्या एका ओळीवर भाजते. चाचणीतलं बाहेर सांगायचं नाही म्हणून तू आबांचा राग घेतलास, माझा घेतलास, आबा गेले तेव्हाही तो तसाच घेऊन बसलास, पण दाजींची लाज चव्हाट्यावर आणली नाहीस. एक शब्द बोलला असतास तर माझं तोंड बंद झालं असतं. तू बोलला नाहीस. मी मोठी म्हणून मिरवते, पण आपल्या दोघांत मोठा तूच निघालास. मला माफ कर. आबांना सांगता येत नाही याचं दुःख जन्मभर राहील. मागच्या आठवड्यात हे एकटेच एसटीनं एरंडोलला गेले, आबांच्या फोटोपुढे बसून मायला सगळं सांगितलं. माय म्हणाली, "माले ठाऊक व्हतं, मना पोऱ्या उगा कोनले आडावत नही." मग तिनं ह्यांना जेवायला वाढलं. तुला पत्र लिहायला ह्यांनी चार वेळा बसून चार कागद फाडले. शेवटी म्हणाले, तूच लिही, मी समोर बसतो. खरंच समोर बसले आहेत, आणि मी काय लिहिते ते विचारत नाहीत.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. जीप दुरुस्त झाली आहे. हे तिच्या चाकाला पुन्हा हात लावायला तयार नाहीत, आणि त्यात मी त्यांना आग्रह करणार नाही. विकायला निघाले होते, गिऱ्हाईकही आलं होतं, पण दुकानाचे पंप जळगावला पोचवायचे असतात, सामान आणायचं असतं. मी म्हटलं, मी चालवते. आधी हसले, मग हसायचे थांबले. दोन महिने झाले, एसटीतून रिटायर झालेले आपले रुपचंदभाऊ मला पांझरेकाठच्या मोकळ्या मैदानात रोज सकाळी शिकवतात. धुणं धुणाऱ्या बायका धुणं सोडून बघत उभ्या राहतात. सरळ चांगली जाते, मागे घेताना अजून वाकडी होते. रुपचंदभाऊ म्हणतात, परवाना मिळून जाईल. पण सुकदेव, तुला माहीत आहे, तू शाळेत होतास तेव्हा आबांच्या शेतावर गाडी मीच हाकत होते. तोच कासरा माझ्याही हातांत दहा वर्षं होता. वेळ येईल तेव्हा माझे हात काय करतील ते मला ठाऊक नाही, आणि मागे माझी पोर बसलेली असणार. हे मला खरं सांगेल असा माणूस इथे कोणी नाही. हे घाबरून नको म्हणतील, रुपचंदभाऊ माया करून हो म्हणतील. आखाजी तेरा मेला आहे. तू सुट्टी काढ आणि आधी धुळ्याला ये. माझ्या शेजारी बस आणि मला कळणार नाही अशा वेळी ओरड, भोंगा वाजव, काय करायचं ते कर, आणि माझे पाय बघ. गुण द्यायचे तेवढेच दे, एकही जास्त देऊ नकोस. पास झाले तर एरंडोलला मायकडे तुला मी माझ्या गाडीतून नेईन. नापास झाले तर आपण दोघं एसटीनं जाऊ.

तुझीच,
अक्का